शीर बंद झालेल्या डोळ्याचा ईआरजी कसा वाचावा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: आईचं वय 63, बीपी आणि मधुमेह दोन्ही. सात आठवड्यांपूर्वी उजव्या डोळ्यानं अचानक धूसर दिसायला लागलं. पडद्याची मुख्य शीर बंद झाल्याचं निदान झालं. डाय टेस्ट (शिरेत रंग टोचून काढलेले पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो) केली, पण ‘रक्तस्राव फार, नीट वाचता येत नाही’ असा शेरा आला. डोळ्यात एक इंजेक्शन दिलं, ओसीटीवर (पडद्याच्या थरांच्या स्कॅनवर) सूज उतरली, नजरही थोडी सुधारली. त्यानंतर ईआरजी, म्हणजे प्रकाशाला पडदा देतो त्या विजेच्या उत्तराचा आलेख, काढला. उजव्या डोळ्यात बी/ए गुणोत्तर 0.87 आणि फ्लिकरची वेळ 36.5 मिलिसेकंद, डाव्यात 1.86 आणि 27.5. दोन्ही डोळ्यांच्या ऑसिलेटरी लहरीही कमी आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजी घ्यायला हवी. नजर सुधारत असताना आणि ओसीटी चांगला असताना या एका रिपोर्टवर विश्वास ठेवायचा का?

हो, ठेवा. तुमच्या हातात आत्ता जेवढे कागद आहेत, त्यात पुढच्या धोक्याबद्दल सगळ्यात स्पष्ट बोलणारा कागद हाच आहे. ओसीटी खोटं सांगत नाही, पण ते पडद्याच्या मधल्या छोट्या भागाबद्दल, म्हणजे मॅक्युलाबद्दल सांगतं. ईआरजी सांगतो तो अख्ख्या पडद्याबद्दल. सूज उतरली म्हणजे पडद्याला रक्त मिळू लागलं असं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घोटाळा नेमका इथेच होतो.

आधी रक्तपुरवठा समजून घ्या, म्हणजे रिपोर्टमधले आकडे आपोआप उलगडतील. डोळ्याच्या पडद्याला रक्त दोन बाजूंनी येतं. प्रकाश पकडणाऱ्या पेशी पडद्याच्या सगळ्यात बाहेरच्या थरात असतात आणि त्यांना मागच्या कोरॉइडमधून रक्त मिळतं. त्यांनी पकडलेला संदेश पुढे नेणाऱ्या पेशी आतल्या थरात असतात. त्यांची भिस्त पडद्याच्या मध्यवर्ती रोहिणीवर असते. या आतल्या थरातून परत जाणारं रक्त अखेर एकाच मुख्य शिरेतून बाहेर पडतं. ती शीर डोळ्याच्या नसेबरोबर एका चाळणीसारख्या जाळीतून जाते, आणि त्या अरुंद जागेत रोहिणी तिला अगदी खेटून असते. वय, बीपी आणि मधुमेहामुळे रोहिणीची भिंत कडक झाली की शिरेवर दाब येतो, प्रवाह मंदावतो आणि गुठळी होते. निचराच थांबला की वरून येणारं रक्तही अडतं, केशवाहिन्या फुटतात, पडदाभर रक्तस्राव होतो. कोरॉइडचा पुरवठा मात्र तसाच चालू राहतो. म्हणजे प्रकाश पकडणाऱ्या पेशी बऱ्यापैकी शाबूत आणि त्यांचा संदेश पुढे नेणाऱ्या पेशी उपाशी, अशी विचित्र अवस्था तयार होते.

ईआरजीच्या आलेखात हीच अवस्था दिसते. डोळ्यावर प्रकाशाचा झोत टाकला की पडद्यात विजेची एक बारीक लहर उठते. 1865 मध्ये फ्रिथिऑफ होल्मग्रेन यांनी ती पहिल्यांदा नोंदवली. निरोगी डोळ्यात आलेख आधी खाली जातो आणि मग उसळून वर येतो. खाली जाणारा भाग ए-लहर, तो मुख्यतः प्रकाश पकडणाऱ्या पेशींचा. वर उसळणारा भाग बी-लहर, तो प्रामुख्यानं त्यांच्या पुढच्या बायपोलर पेशींचा. शीर बंद होऊन आतला थर उपाशी राहिला की ए-लहर जागेवर राहते आणि बी-लहर खुजी होते. आलेख खाली जातो आणि मूळ रेषेच्या फारसा वर येतच नाही. आईंच्या उजव्या डोळ्याचं 0.87 म्हणजे हेच: बी-लहर ए-लहरीपेक्षाही लहान. डाव्या डोळ्यात ती जवळजवळ दुप्पट आहे. असा आलेख आम्ही ‘निगेटिव्ह’ म्हणतो. शीर बंद झालेल्या डोळ्यात तो दिसला की आतल्या थराला मोठा फटका बसला आहे असं धरून चालायचं. (निगेटिव्ह आलेख काही जन्मजात आजारांत आणि रोहिणी बंद झाल्यावरही येतो. आईंचा दुसरा डोळा नीट आहे आणि निदान पक्कं आहे, तेव्हा इथे तो संशय नको.)

गुणोत्तर वाचताना एक पथ्य पाळा: ते कोणत्या झोतावर काढलंय ते बघा. झोत जितका प्रखर तितकी ए-लहर मोठी येते आणि गुणोत्तर खाली येतं. तीन नंबरच्या झोतावरचं गुणोत्तर दहा नंबरच्या, म्हणजे जास्त प्रखर, झोतावरच्या गुणोत्तराशी ताडू नका. पुढच्या वेळी रिपोर्ट दुसरीकडे काढलात तर हे नक्की विचारा.

आता फ्लिकर. माझ्या मते या आजारात रिपोर्टमधला सगळ्यात मोलाचा आकडा हाच आहे आणि सगळ्यात कमी लक्षही त्याच्याकडेच जातं. उजेडात सेकंदाला 30 वेळा झोत टाकतात. एवढ्या वेगाला मंद उजेडातल्या रॉड पेशी साथ देऊ शकत नाहीत, त्यामुळे जे उमटतं ते उजेडात काम करणाऱ्या कोन पेशींच्या वाटेचं असतं. प्रत्येक झोतानंतर लहरीचा शेंडा किती मिलिसेकंदांनी येतो ते मोजायचं. लहरीची उंची माणसागणिक बरीच बदलते. वय, मायोपिया, बाहुली किती उघडली, इलेक्ट्रोड कुठे बसला, या सगळ्यांचा तिच्यावर परिणाम होतो. वेळेचं तसं नाही. निरोगी डोळ्यांत ती फार अरुंद पट्ट्यात राहते, म्हणून थोडी सरकली तरी लगेच कळतं. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांत 9 मिलिसेकंदांचा फरक म्हणजे खूप झाला. आयरिसवर, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत चकतीवर, नव्या रक्तवाहिन्या फुटण्याचा धोका ताडायला फ्लिकरची वेळ उपयोगी पडते, हे वेगवेगळ्या गटांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उपाशी पेशी आधी संथ होतात, गप्प नंतर होतात, आणि तो संथपणा इथे पकडता येतो.

इथे एक खाच आहे, ती रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांनाही उपयोगी पडेल. सेकंदाला 30 झोत म्हणजे दर 33 मिलिसेकंदांनी एक. शेंडा 36.5 वर येतो तेव्हा पुढचा झोत पडून गेलेला असतो. मशीनचा कर्सर कधी कधी फसतो आणि तोच शेंडा नव्या झोताच्या खात्यात घालतो. मग वेळ 3 मिलिसेकंद दाखवली जाते, किंवा शेजारच्या एखाद्या बारीक खाचेवर खूण बसते आणि आकडा अगदी नॉर्मल येतो. म्हणून मी छापील आकडा कधीच एकटा वाचत नाही. दोन्ही डोळ्यांचे फ्लिकरचे आलेख एकावर एक ठेवतो. डोंगरांची रांग उजवीकडे सरकलेली असेल तर ते डोळ्यांनाच दिसतं, कर्सर काहीही सांगो. तुमच्या रिपोर्टसोबत आलेख छापलेले असतील तर तेवढं करून बघा.

सुरुवातीच्या वर्षांत मी या बाबतीत एक चूक केली आहे. पन्नाशीतले एक गृहस्थ होते, आईंसारखंच निदान. इंजेक्शननंतर नजर 6/60 वरून 6/18 वर आली. ते खूश, आम्हीही खूश. ईआरजीमध्ये लहरी लहान होत्या आणि फ्लिकर 35 च्या पुढे. मी मनाशी म्हटलं, इलेक्ट्रोड सरकला असेल, आणि कागद फाइलला लावला. चांगलं दिसतंय म्हणून ते दोन महिने आले नाहीत. आले तेव्हा डोळा लालभडक, असह्य डोकेदुखी, उलट्या, डोळ्याचा दाब 48. आयरिसवर आणि डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याच्या कोनात नव्या रक्तवाहिन्यांचं जाळं. तो डोळा वाचला नाही. इलेक्ट्रोड सरकला की उंची कमी होते, वेळ लांबत नाही. हे मला ठाऊक होतं, तरी मी ते बाजूला ठेवलं. तेव्हापासून वेळ लांबलेली दिसली की मी फोन करून पेशंटला परत बोलावतो.

ते जे झालं त्यामागचं कारण असं. उपाशी पडदा व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडतो. ते पुढच्या भागात पसरतं, आणि आयरिसवर व डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याच्या कोनात नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या कोन बंद करतात, पाण्याला वाट राहत नाही, दाब चढतो. शीर बंद झाल्यापासून साधारण तीन महिन्यांच्या आसपास हे व्हायचं म्हणून याला शंभर दिवसांचा काचबिंदू म्हणायची पद्धत पडली. अमेरिकेतल्या सेंट्रल व्हेन ऑक्लुजन स्टडीत, ज्या डोळ्यांत रक्त पोचत नव्हतं किंवा डाय टेस्ट वाचताच येत नव्हती, त्यांतल्या 35 टक्के डोळ्यांत अशा रक्तवाहिन्या आल्या. ज्यांत रक्त पोचत होतं, त्यांत 10 टक्के. याच अभ्यासात सुरुवातीला चांगल्या गटात असलेल्या डोळ्यांपैकी 34 टक्के तीन वर्षांत वाईट गटात गेले, आणि त्यातले जवळजवळ निम्मे पहिल्या चार महिन्यांतच.

‘वाचताच येत नव्हती’ या शब्दांकडे पुन्हा बघा, कारण आईंच्या रिपोर्टवरही तोच शेरा आहे. डाय टेस्टमध्ये पडद्याचा किती भाग कोरडा आहे ते मोजतात. नसेच्या चकतीएवढ्या दहा चकत्या भरतील इतका भाग कोरडा असेल तर डोळा इस्केमिक, म्हणजे रक्ताला मुकलेला, धरतात. पण पहिल्या काही आठवड्यांत पडदाभर रक्त सांडलेलं असतं. त्या रक्ताखाली डाय दिसत नाही, म्हणजे खालची केशवाहिनी चालू आहे की बंद, कळत नाही. निर्णय घ्यायची वेळ असते नेमकी तेव्हाच ही तपासणी आंधळी असते. आणि या न वाचता आलेल्या डोळ्यांपैकी बहुतेक पुढे वाईट गटातलेच निघाले. ‘अनिश्चित’ म्हणजे ‘बहुधा ठीक’ असा अर्थ घेऊ नका. ईआरजीला मात्र पडद्यावरच्या रक्ताची तितकीशी अडचण होत नाही. तो फोटो काढत नाही, पेशी काय उत्तर देतात ते ऐकतो. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले सोहनसिंग हयरेह यांनी 1990 मध्ये हेच दाखवून दिलं: सुरुवातीच्या काळात इस्केमिक आणि नॉन-इस्केमिक वेगळे करायला पडदा कसा दिसतो यापेक्षा तो काम कसं करतो हे तपासणं जास्त भरवशाचं.

त्यांच्या कामात ईआरजीच्या जोडीला एक बिनखर्चाची तपासणी होती, तीही करून घ्या. अंधाऱ्या खोलीत टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर न्यायचा. शीर बंद असलेल्या डोळ्यावर टॉर्च आला की बाहुली आकसण्याऐवजी सैलावत असेल, तर तो डोळा मेंदूला प्रकाश कमी पोचवतोय. हा दोष किती आहे ते फिल्टर लावून मोजतात. तो मोठा असेल आणि बी-लहर चांगल्या डोळ्याच्या 60 टक्क्यांवर किंवा त्याखाली आली असेल, तर शंकेला फार जागा उरत नाही. अट एकच: दुसरा डोळा ठीक हवा आणि बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याआधी टॉर्च मारायला हवा. घाईच्या ओपीडीत आधी थेंब पडतात आणि ही माहिती त्या दिवसापुरती हातची जाते.

ईआरजी नीट काढला होता का, अशी शंका येत असेल तर ती रास्त आहे. पारखायला सोपं आहे, आईंना विचारा. बाहुल्या मोठ्या केल्यानंतर त्यांना पूर्ण अंधारात साधारण वीस मिनिटं बसवलं होतं का? मग फक्त मंद लाल दिव्यात खालच्या पापणीच्या आत केसासारखा धागा किंवा डोळ्यावर लेन्ससारखं काही बसवलं का? आधी अंधारातले झोत आणि मग दहा मिनिटं उजेडात बसवून बाकीचे, असा क्रम होता का? आणि त्याच दिवशी ईआरजीच्या आधी डाय टेस्ट किंवा पडद्याचे फोटो काढले नव्हते ना? कॅमेऱ्याच्या फ्लॅशनं पडदा दिपतो, आणि लगेच काढलेल्या ईआरजीमध्ये अंधारातल्या लहरी खोट्या लहान येतात. दोन्ही एकाच दिवशी करायचं असेल तर ईआरजी आधी. क्रम चुकला असेल तर बी-लहरीच्या आकड्यावर मी पुन्हा तपासणी मागेन. फ्लिकर मात्र उजेडात बसवून घेतात, त्यामुळे त्यातल्या दोन डोळ्यांमधल्या एवढ्या फरकाला ही सबब लागू पडत नाही. डाव्या डोळ्याचे आकडे चांगले आहेत, म्हणजे मशीन आणि झोतही ठीक होते.

दोन्ही डोळ्यांच्या ऑसिलेटरी लहरी कमी आहेत, त्याबद्दल. बी-लहरीच्या चढावर जे बारीक बारीक कंगोरे दिसतात, त्या या लहरी. मधुमेहात त्या लवकर ढासळतात, पडद्यावर अजून फारसं काही दिसत नसतानाही. त्यामुळे डाव्या डोळ्यात दिसणारी कमी मी मधुमेहाच्या खात्यात टाकेन आणि शुगरकडे नीट लक्ष द्यायला सांगेन. उजव्या डोळ्यात त्या मधुमेहानं गेल्या की शिरेमुळे, हे वेगळं काढता येणार नाही. त्या आकड्यात अडकू नका.

मग नजर सुधारली कशी? नजर म्हणजे तक्ता वाचणं, आणि तक्ता आपण मॅक्युलानं वाचतो. साध्या ईआरजीमध्ये सगळ्या पडद्याची बेरीज असते, त्यात मॅक्युलाचा वाटा अगदी थोडा. इंजेक्शननं मॅक्युलाची सूज उतरली, तक्त्यावरच्या दोन ओळी वाढल्या, आणि बाहेरचा विस्तीर्ण पडदा उपाशीच राहिला, असं सहज होऊ शकतं. उलटही होतं. आलेख उत्तम आणि नजर 6/60, कारण सगळी गडबड फक्त मधल्या सुजेची. तशा पेशंटला मी मनापासून धीर देतो, कारण तिथे इंजेक्शनांनी बरंच हाती लागतं. मुख्य शिरेऐवजी तिची एखादी फांदी बंद झाली असेल तर मात्र साधा ईआरजी बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. पडद्याचा एक तुकडाच आजारी असतो आणि बेरजेत तो बुडून जातो. तिथे मल्टिफोकल ईआरजी काढतात. एरिक सटर यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला विकसित केलेल्या या पद्धतीत मधल्या भागाचे षटकोनी तुकडे पाडून प्रत्येकाचं उत्तर वेगळं मिळतं. तुमच्या आईंना त्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या, हा ईआरजी इंजेक्शननंतरचा आहे. व्हीईजीएफ दाबणाऱ्या इंजेक्शननंतर काही डोळ्यांत फ्लिकरची वेळ सुधारते. म्हणजे 36.5 हा कदाचित सुधारलेला आकडा असेल. इंजेक्शनं ते रसायन बांधून ठेवतात, त्यामुळे नव्या रक्तवाहिन्याही थोपून राहतात. पण बंद पडलेल्या केशवाहिन्या त्यांनी उघडत नाहीत. इंजेक्शनं थांबली किंवा त्यांच्यातलं अंतर वाढलं की धोका पुन्हा उभा राहतो, आणि तेव्हा शंभर दिवसांचा हिशेब चालत नाही. सहा महिन्यांनी, वर्षानंही रक्तवाहिन्या फुटू शकतात. पूर्वी चौथा महिना सुखरूप गेला की आम्ही थोडा श्वास सोडायचो. आता ते महिने शेवटच्या इंजेक्शननंतर नव्यानं मोजायला लागतात.

तर मग लगेच पडद्यावर लेझर मारून घ्यायचं का? केवळ ईआरजीच्या जोरावर मी मारणार नाही. वर सांगितलेल्या त्याच अभ्यासात आगाऊ लेझर करूनही नव्या रक्तवाहिन्या पूर्ण टळल्या नाहीत. म्हणून बारकाईनं लक्ष ठेवायचं आणि पहिली खूण दिसताच लेझर करायचं, हा मार्ग योग्य मानला गेला. पेशंट नियमित येऊ शकणार नसेल तर माझं मत बदलतं. तिथे ईआरजी इतका वाईट असेल तर मी आधीच लेझरचा विषय काढतो. आईंना दर महिन्याला आणणं जमेल का, याचं खरं उत्तर डॉक्टरांना द्या. त्यांचा निर्णय बराचसा त्यावर अवलंबून आहे.

पुढचे सहा महिने दर महिन्याला तपासणी, आणि इंजेक्शनं थांबल्यावर पुन्हा तशीच. ईआरजी दर वेळी नको. रक्त बरंचसं शोषलं गेलं की डाय टेस्ट परत करा, शक्य असेल तर पडद्याच्या कडेपर्यंत पोचणारी. त्याच सुमाराला एक ईआरजी, त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीनं, आणि डाय टेस्टच्या आधी. फ्लिकर आणखी लांबला असेल तर भेटींमधलं अंतर कमी करायचं. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल यांचे आकडे फिजिशियनकडून ताळ्यावर आणून घ्या. डाव्या डोळ्याची काळजी त्यातच आहे. डोळा लाल झाला, दुखला, दिव्याभोवती वलयं दिसली तर महिना भरायची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांना एवढं सांगा, की थेंब घालण्याआधी स्लिट लॅम्पवर बाहुलीची कड बघा आणि गोनिओस्कोपीनं कोनही बघा. नव्या रक्तवाहिन्या पहिल्यांदा तिथेच, बाहुलीच्या काठावर लाल धाग्यासारख्या दिसतात, काही डोळ्यांत तर आधी फक्त कोनात. बाहुली पसरली की कडेवरचे ते धागे दिसेनासे होतात.